तळघरातली बादली : १.०२० वर अडकलेल्या पहिल्या बिअरचं प्रकरण

मंगळवार, १७ डिसेंबर. रात्री साडेदहाच्या सुमारास भाच्याचा फोन आला. तो लीड्सला एमएस्सी करतो, मी लेस्टरला असतो. एवढ्या रात्री त्याचा फोन म्हणजे एक तर घरमालकाशी वाजलेलं असतं, नाहीतर महिनाअखेर असते. या वेळी तिसरंच निघालं.

"मामा, बिअर मेली."

"कुणाची?"

"माझी. दहा दिवस झाले. अर्धवट आंबली आणि बंद पडली. उद्या बाटल्यांत भरून टाकू का? एकतीस तारखेला सगळे येणार आहेत."

बाटल्यांत भरायची नाही, एवढं आधी बजावलं. मग वही घेऊन बसलो. गेली बारा वर्षं मी घरी बिअर करतो, त्यामुळे ओळखीपाळखीतून असे फोन वर्षाकाठी दोन-तीन येतातच. बहुतेक वेळा अर्ध्या तासात उलगडा होतो. इथे नऊ दिवस लागले, आणि आजार एक नसून दोन निघाले. एक खरा होता, एक नुसता भास. दोन्ही एकमेकांत असे गुंतले होते की पोरगं घाबरलं यात नवल नव्हतं.

एक गोष्ट आधीच सांगतो. इंग्लंडमध्ये घरी पिण्यापुरती बिअर करायला १९६३ पासून परवाना लागत नाही, फक्त ती विकता येत नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली विनापरवाना दारू बनवणं गुन्हा आहे. तेव्हा सुट्टीत सांगलीला गेल्यावर हे उद्योग करायचे नाहीत, असं भाच्याला सांगून ठेवलंय. ताईला यातलं काही कळवायचं नाही, हेही ठरलंय.

काय केलं होतं

७ डिसेंबर, शनिवार. माल्ट एक्स्ट्रॅक्टचे (मोड आणलेल्या बार्लीचा घट्ट पाक) दीड-दीड किलोचे दोन डबे, वर ३०० ग्रॅम सुकी माल्ट पावडर, आणि हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं. सहा लिटर पाण्यात तासभर उकळलं, भांडं सिंकमध्ये बर्फाच्या पाण्यात ठेवून निववलं, मग झाकणाच्या प्लॅस्टिकच्या बादलीत ओतून नळाच्या पाण्याने वीस लिटर केलं. यीस्ट टाकण्याआधीच्या या गोड काढ्याला वर्ट म्हणतात. यीस्ट ११.५ ग्रॅमचं सुकं पाकीट, एस-०४ नावाची इंग्लिश एल जात. ती नुसती वर भुरभुरली, झाकण लावलं, एअरलॉक बसवला, म्हणजे आतला वायू बाहेर सोडणारी पण बाहेरची हवा आत न घेणारी नळी.

सुरुवातीची ग्रॅव्हिटी १.०५०. नवख्यांसाठी सांगतो: शुद्ध पाणी १.०००, साखर विरघळली की आकडा चढतो, यीस्टने साखर खाल्ली की उतरतो. डब्यातल्या एक्स्ट्रॅक्टची बिअर करताना पहिल्या मापात एक घोळ होतो. घट्ट पाक तळाला राहतो, पाणी वर तरंगतं, आणि वरचे चार थेंब घेऊन मोजलं की आकडा भलताच येतो. म्हणून मी उलटा हिशोब घालून पाहिला. एवढ्या मालाची वीस लिटरमध्ये १.०५० च यायला हवी होती. पहिलं माप खरं होतं.

पुढची नोंद त्याच्याच फोनमधली आहे. रविवारी काहीच नाही. सोमवारी रात्री पहिला बुडबुडा, म्हणजे पन्नासेक तासांनी. बुधवार ते शुक्रवार मिनिटाला चार-पाच बुडबुडे. दुसऱ्या रविवारी थंडावलं. सोमवारी सामसूम. त्या दिवशीचं माप १.०३४, मंगळवारी परत १.०३४.

पहिला बुडबुडा यायला पन्नास तास लागले, इथे मी पहिली रेघ मारली. सुक्या यीस्टला जागं व्हायला बारा ते चोवीस तास लागतात. छत्तीस झाले तरी मी घाबरत नाही. पन्नास तास लागले म्हणजे काहीतरी आखडलं होतं.

"बादली कुठे आहे?"

"घरात."

"घरात कुठे?"

इथे तो जरा थांबला. "तळघरात."

लीड्सची जुनी घरं म्हणजे एकाला एक चिकटलेल्या विटांच्या रांगा, आणि बऱ्याच घरांखाली कोळसा साठवायची तळघरं. आज तिथे सायकली आणि मोडक्या खुर्च्या असतात. हॉप्स उकळतानाचा वास घरातल्या दुसऱ्या मुलाला सोसवला नाही, म्हणून बादलीची रवानगी खाली झाली. 'अंधाऱ्या, थंड जागी ठेवा' असंही भाच्याने कुठेतरी वाचलं होतं.

"तापमान मोजलंस?"

"वीस अंश."

"कुठे मोजलंस?"

"स्वयंपाकघरात. भिंतीवर आहे ना तो."

त्याला स्वयंपाकाचा काट्याचा थर्मामीटर घेऊन खाली पाठवलं. तळघराची हवा ११ अंश. बादलीतलं द्रव १३. यीस्टच्या पाकिटावर १८ अंशांपासून पुढचं तापमान छापलेलं आहे. बादलीत यीस्ट टाकताना किती होतं, ते त्याने पाहिलं नव्हतं, पण डिसेंबरातलं नळाचं पाणी चौदा लिटर घातल्यावर पंधरा-सोळाच्या वर नसणार.

इतकं कळल्यावर कुणीही म्हणेल, झालं, थंडी हेच कारण. मीही जवळपास तेच म्हणणार होतो. पण १.०३४ हा आकडा मला टोचत होता. पाच दिवस बऱ्यापैकी बुडबुडे आले असताना बिअर एवढ्या वर थांबेल हे पटेना.

भासाचा आजार

"मोजतोस कशाने?"

रिफ्रॅक्टोमीटरने. वाढदिवसाला मित्रांनी दिलेला. दोन थेंब काचेवर टाकायचे, उजेडाकडे धरून डोळा लावायचा, निळ्या-पांढऱ्याची सीमा कुठल्या आकड्यावर आहे ते वाचायचं. वापरायला मजा येते. किटमधला काचेचा हायड्रोमीटर, म्हणजे द्रवात तरंगून ग्रॅव्हिटी दाखवणारी नळी, खोक्यातून बाहेरसुद्धा आला नव्हता, कारण त्याला दर वेळी शंभर-दीडशे मिली बिअर घालवावी लागते.

रिफ्रॅक्टोमीटर साखर मोजत नाही. प्रकाश किती वाकतो ते मोजतो, आणि द्रव म्हणजे साखरपाणीच आहे असं धरून ब्रिक्समध्ये, म्हणजे साखरेच्या टक्क्यांत, आकडा देतो. यीस्ट टाकण्याआधी हे गृहीत बरोबर असतं. आंबायला लागलं की त्यात अल्कोहोल येतं. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं, पण प्रकाश जास्त वाकवतं: पाण्याचा अपवर्तनांक १.३३३, अल्कोहोलचा १.३६१. म्हणून त्याच बिअरमध्ये हायड्रोमीटर खाली बुडतो आणि रिफ्रॅक्टोमीटरचा आकडा वरच लटकून राहतो. बिचारं यंत्र अल्कोहोललाच साखर समजतं.

भाच्याचं सोमवारचं वाचन ८.५ ब्रिक्स होतं. त्याने चारने गुणून १.०३४ केलं. यीस्टपूर्वी हा गुणाकार चालतो: १२.४ चौक साधारण पन्नास, म्हणजे १.०५०. आंबलेल्या बिअरला सुरुवातीचं आणि आताचं असे दोन्ही ब्रिक्स घेऊन दुरुस्तीचं सूत्र लावावं लागतं. त्याची गणकं फुकट मिळतात. ते लावल्यावर १.०२० च्या आसपास उत्तर येत होतं.

सूत्रावर विसंबून निदान करायचं नव्हतं, म्हणून हायड्रोमीटर बाहेर काढायला लावला. नमुना आधी दोन पेल्यांत चार-सहा वेळा वरखाली ओतून वायू घालवायचा. नाहीतर बुडबुडे काचेच्या दांड्याला चिकटतात, त्याला वर उचलतात, आणि आकडा फुगतो. वाचन आलं १.०२१. हे यंत्र वीस अंशांना जुळवलेलं आणि नमुना तेरा अंशांचा. थंड द्रव दाट असतं, त्याचा एक पॉइंट, म्हणजे ०.००१, वजा. खरी ग्रॅव्हिटी १.०२०.

म्हणजे चौदा पॉइंटांची भीती हवेतलीच होती. पण रिफ्रॅक्टोमीटरला सरसकट खोटारडा म्हणण्यातही अर्थ नाही. दोन दिवस ८.५ वरून तो हलला नव्हता, आणि 'थांबलंय' ही त्याची साक्ष खरी होती. 'कुठे थांबलंय' ही खोटी. हा फरक माझ्याही लक्षात यायला पहिल्या दोन-तीन वर्षांत एक अख्खी बादली मोरीत ओतावी लागली होती. त्या बादलीला काहीही झालेलं नव्हतं, हे आता कळतं.

खरा आजार

आता प्रश्न उरला १.०२० चा. या मालाची बिअर १.०१२-१.०१३ ला उतरायला हवी. थांबली तेव्हा साठ टक्के काम झालं होतं; ही जात पंच्याहत्तर टक्क्यांच्या आसपास जाते.

जे मनातून पटकन काढून टाकलं ते आधी सांगतो. संसर्ग: पृष्ठावर पापुद्रा नाही, आंबूस-विनेगरी वास नाही. जुनं यीस्ट: पाकिटाची मुदत दोन वर्षं पुढची. प्राणवायू कमी पडला: सुक्या यीस्टमध्ये पेशीपटलासाठी लागणारा साठा कारखान्यातच भरून दिलेला असतो, म्हणून पहिल्या पिढीला ते फारसं अडत नाही. पोषण कमी: शुद्ध माल्टच्या वर्टमध्ये यीस्टला पुरेल एवढा नायट्रोजन असतो. हेच मधाचं मीड असतं, तर मी थंडीच्याही आधी पोषणाकडे बोट दाखवलं असतं, कारण मधात साखर भरपूर आणि नायट्रोजन जवळपास नाहीच.

उरले दोघे संशयित. एक, थंडी. दुसरा, वर्टच तसा असणं. एक्स्ट्रॅक्ट वापरणाऱ्यांत १.०२० हा आकडा बदनाम आहे. काही डब्यांतल्या माल्टमध्ये यीस्टला न पचणाऱ्या लांब साखळीच्या शर्करा जास्त असतात, आणि बिअर तिथेच मुक्काम करते. तसं असेल तर कितीही ऊब द्या, ती हलणार नाही. दोन्हींत बाहेरून लक्षणं सारखीच दिसतात.

थंडीचा मार्ग मात्र नीट कळला पाहिजे, कारण 'थंडीत यीस्ट मंदावतं' एवढ्याने भाच्याची नोंद उलगडत नाही. मंदच होतं तर मग मधले तीन दिवस बुडबुडे कसे आले? कारण आंबताना यीस्ट स्वतः उष्णता सोडतं. काम जोरात चालू असताना बादली भोवतालच्या हवेपेक्षा दोन-तीन, कधी चार अंश गरम राहते. म्हणजे ११ अंशांच्या तळघरातही मधल्या दिवसांत आत चौदा-पंधरा अंश असणार, तेवढ्यावर रखडत का होईना काम चाललं. साखर कमी झाली, काम उतरलं, उष्णताही उतरली, आणि बादली हळूहळू तळघराच्या तापमानाकडे घसरली. शेवटची अवघड साखर खायच्या वेळीच यीस्टला गारठा लागला. एस-०४ ही गाळ पटकन धरणारी जात. पेशी एकमेकींना चिकटून झुबके होतात आणि तळाशी बसतात. थंडीत आणखी लवकर. वर साखर शिल्लक, खाली यीस्ट निजलेलं.

गंमत म्हणजे यॉर्कशरच्या मातीत हा प्रश्न फार जुना आहे. तिथल्या ब्रुअऱ्यांची परंपरागत यीस्टं अशीच झोपाळू. त्यांनी त्यावर 'यॉर्कशर स्क्वेअर' नावाची दोन मजली दगडी टाकी काढली. खालच्या भागातली बिअर आंबताना मधूनमधून पंपाने वरच्या मजल्यावर घ्यायची, म्हणजे यीस्ट परत मिसळतं, जागं होतं. लीड्सपासून गाडीने अर्ध्या-पाऊण तासावरच्या टॅडकॅस्टरला १७५८ पासून चाललेल्या सॅम्युअल स्मिथच्या ब्रुअरीत अजून दगडी स्क्वेअर वापरात आहेत. भाचा त्यांच्या पबमध्ये दर शुक्रवारी बसतो, पण ग्लासच्या मागे काय आहे ते बघायला वेळ कुणाला.

आपल्याकडच्या माणसाला मंद आंबवण मुळात अनोळखी. गोव्यात काजूच्या बोंडांचा रस मार्च-एप्रिलच्या उकाड्यात तीन-चार दिवसांत आंबून भट्टीला तयार होतो, त्यात यीस्ट कुणी घालतही नाही. पहाटे उतरवलेली ताडी दुपारी वेगळीच चढते. तिथे प्रश्न आवरायचा असतो, जागवायचा नसतो. किण्व हा शब्द आपल्याकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणात आहे, इतकं हे जुनं. पण मगधात तळघरं ११ अंशांची नसावीत.

आणि ज्याने मला हसू आलं ती गोष्ट अशी. नोव्हेंबरात याच भाच्याने इडलीचं पीठ फुगत नाही म्हणून ताईला व्हिडिओ कॉल केला होता. तिने सांगितलं, ओव्हनचा नुसता दिवा लाव आणि पातेलं आत ठेव. पीठ फुगलं. त्याच घरात महिन्याभराने बिअरची बादली त्याने तळघरात नेऊन ठेवली. "पण मामा, बिअर थंड असते ना!" असं त्याचं म्हणणं. पितानाचं तापमान आणि आंबतानाचं तापमान यांत त्याची गल्लत झाली होती.

बरणीतली चाचणी

भाच्याने घाबरून एस-०४ चं दुसरं पाकीट आणून ठेवलं होतं. ते बादलीत ओतायचं त्याच्या मनात होतं. त्याला नको म्हटलं. चार टक्के अल्कोहोल, साखर संपत आलेली, थंडी. अशा पाण्यात सुकं यीस्ट टाकणं म्हणजे झोपेतून उठवून माणसाला विहिरीत ढकलणं. गरज पडलीच तर आधी बाहेर थोड्या वर्टवर जिवंत, फसफसतं विरजण तयार करून मग ते घालतात.

पण त्या पाकिटाचा दुसरा उपयोग होता. जॅमची बरणी उकळत्या पाण्याने धुवून तीत पाव लिटर बिअर घेतली, चिमूटभर यीस्ट टाकलं, वर फॉइल सैल बांधलं, आणि बरणी गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात ठेवली. इंग्लिश घरांत टॉवेल वाळवायला असं कपाट असतं, आत पंचवीस अंश सहज मिळतात. येता-जाता हलवायची. भरपूर यीस्ट, भरपूर ऊब, भरपूर ढवळणं. एवढे लाड करून जो आकडा येईल तो त्या वर्टचा तळ. बरणी १.०२० वरच राहिली असती तर दोष डब्याचा, आणि बिअर होती तशी तयार मानून भरता आली असती. उतरली तर दोष तळघराचा.

ही चाचणी करायला खर्च काही नाही, तरी नवखे ती करत नाहीत. पाकीटच्या पाकीट बादलीत ओततात, साखर घालतात, दर चार तासांनी झाकण उघडतात.

बाटल्यांचं प्रकरणही इथेच समजावलं. ग्रॅव्हिटीचा एक पॉइंट बंद बाटलीत आंबला तर लिटरभर बिअरमागे साधारण अर्धा लिटर वायू तयार होतो. बादलीतल्या बिअरमध्ये लिटरमागे लिटरभर आधीच विरलेला असतो, फेसासाठी घातलेली साखर आणखी दीडेक लिटर देते. इथवर ठीक, दोन-अडीच लिटरची बिअर छान लागते. पण आत सात पॉइंट शिल्लक असतील आणि उबेला यीस्ट जागं झालं, तर वर आणखी साडेतीन लिटर. एकूण सहाच्या घरात. साध्या बिअरच्या बाटल्या तीन-साडेतीनच्या पुढे भरवशाच्या नाहीत. काच फुटते, आणि ती एकतीस डिसेंबरला घरभर पाहुणे असताना फुटली असती.

पार्टी आधीच हातची गेली होती. ते त्याला पटायला आख्खा दिवस लागला.

उपचार

बुधवारी सकाळी घरातल्या दोघा पोरांनी मिळून वीस किलोची बादली दगडी जिना चढवून भाच्याच्या खोलीत आणली. या चढण्यात यीस्ट आपसूक ढवळलं गेलं, तेवढा फायदा. खोलीही रात्री थंड व्हायची, कारण इंग्लंडातल्या भाड्याच्या बऱ्याच घरांत हीटिंग सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तासच चालतं. म्हणून जुनी युक्ती: बादलीहून रुंद टब, त्यात वीतभर पाणी, पाण्यात मत्स्यपेटीचा हीटर. पाण्यात उभी बादली हवेतल्या बादलीपेक्षा खूप स्थिर राहते. हीटर पूर्ण बुडालेला हवा, आणि टबात हात घालण्याआधी बटण बंद, हे दोनदा म्हणवून घेतलं. रेडिएटरला टेकवून ठेवू का, असं त्याने विचारलं होतं. त्याने बादलीची एक बाजू भाजते आणि रात्री सगळीच थंड पडते, उपयोग शून्य.

हीटर वीस अंशांवर लावला. बुधवारी संध्याकाळी फोन: "मामा, सुरू झालं! मिनिटाला तीन!"

मी म्हटलं, थांब, मोज. हायड्रोमीटर १.०२०. जागचा हलला नव्हता. थंड बिअरमध्ये वायू जास्त विरघळलेला असतो, ती तापली की जास्तीचा बाहेर पडतो. सोडावॉटर उन्हात ठेवल्यासारखं. बुडबुड्यांवर विश्वास ठेवून आनंद करणं आणि बुडबुड्यांवर विश्वास ठेवून रडणं, दोन्ही त्याने एकाच बिअरवर करून घेतलं. एअरलॉक हा फक्त वायूची वाट आहे. झाकण सैल असेल तर जोरात आंबणाऱ्या बादलीचाही तो मुका राहतो.

गुरुवारी बादली वीस अंशांवर स्थिर. ग्रॅव्हिटी १.०१९. त्याच संध्याकाळी बरणी तपासली: १.०१२.

निकाल लागला. वर्ट निर्दोष होतं. भाचा एकदम शांत झाला, आणि खरं सांगायचं तर मीही. तोपर्यंत डब्यावरचा संशय माझ्या मनातून गेला नव्हता.

शुक्रवारी त्याला बादली हलवायला सांगितली. झाकण न उघडता, काठ धरून, गोल गोल, दोन मिनिटं, सकाळ-संध्याकाळ. खळबळाट करून हवा मिसळायची नाही. सुरुवातीला यीस्टला हवा चालते, आता ती बिअर शिळी करते. तळाचा गाळ ढगासारखा उठला पाहिजे, बस्स. घरगुती यॉर्कशर स्क्वेअर म्हणा.

शनिवारी १.०१६. सोमवारी, २३ तारखेला, १.०१३. त्या दिवशी मुद्दाम रिफ्रॅक्टोमीटरही लावायला सांगितला: ६.५ ब्रिक्स. जुन्या गुणाकाराने ते १.०२६ झालं असतं, आणि पोराने परत फोन केला असता.

लगेच भरायचं नाही, असं मी म्हटल्यावर तो वैतागला. पण मंगळवारच्या नमुन्याचा एक फोटो आणि एक वाक्य त्याने पाठवलं होतं: "वास बटर पॉपकॉर्नसारखा येतोय, हे चांगलं का?" चांगलं नाही. आंबताना यीस्ट डायअसेटिल नावाचं द्रव्य वाटेत टाकून जातं, त्याचा हा लोणकट वास. यीस्ट जागं आणि उबेला असेल तर शेवटी तेच ते परत उचलून घेतं. मध्येच गारठून निजलं तर पसारा तसाच राहतो. म्हणून आकडा थांबल्यावरही दोन-तीन दिवस बादली वीस अंशांवरच ठेवायची. २६ तारखेला ग्रॅव्हिटी परत १.०१३, वास गेलेला. तीन दिवस तोच आकडा, बरणीचा तळ १.०१२, झालं. (१.०५० वजा १.०१३) गुणिले १३१.२५, म्हणजे ४.९ टक्के.

२८ तारखेला छत्तीस बाटल्या भरल्या. अठरा लिटरला नव्वद ग्रॅम साखर, उकळून. एकतीसच्या पार्टीला दुकानातली बिअर आली.

पुढे

१३ जानेवारीला फोन.

"मामा, दोन आठवडे झाले, बाटलीला फेसच नाही. नुसतं फुसकन होतं. यीस्ट मेलं का?"

"बाटल्या कुठे ठेवल्यास?"

बराच वेळ काही आवाज नाही.

"वर आणतो," तो म्हणाला.

बाटलीत फेस धरण्याचं कामही तेच यीस्ट करतं, तेव्हा त्यालाही दोन आठवडे अठरा-वीस अंश लागतात. बाटल्या एक-एक उलटीसुलटी करून त्याने कपड्यांच्या कपाटात ठेवल्या. महिनाअखेरीला फोटो आला, ग्लासवर दोन बोटं फेस होता. दोन बाटल्या लेस्टरला पोचल्या. लोणकट वास औषधालाही नव्हता. हॉप्स जरा दबलेले वाटले, तीन आठवडे बादलीत काढल्याचा तो परिणाम असावा. बायको म्हणाली, बरी आहे. दुसरी बाटली तिनेच संपवली.